तबकड्या आणि पाखरं

माणसाला एखादा तरी छंद असावा, असं शाळेच्या पुस्तकात छापलेलं असतं. तो कसला असावा, हे मात्र छापलेलं नसतं आणि सगळा घोटाळा तिथंच होतो. आमच्या शाखेत पूर्वी एक साहेब होते, ते पोस्टाची तिकिटं जमवत. त्यांना कुणी कधी नावं ठेवली नाहीत. घरी आलेल्या पाहुण्यापुढं ते अल्बम उघडत, पाहुणा 'वा, वा' म्हणे, चहा घेई आणि सुखरूप घरी जाई. दुसरे एक जण जुनी नाणी जमवत. बँकेतल्या माणसानं नाणी जमवावीत यात गैर ते काय? उलट कामाची आवड दिसते. मी मात्र हिंगोलीत राहून जॅझ फ्यूजन आणि रॉक संगीताच्या कॉम्पॅक्ट डिस्क जमवतो. हे वाक्य हिंगोलीत कुणालाही ऐकवून बघा. त्यातलं 'हिंगोलीत राहून' एवढंच लोकांना समजतं.

हिंगोली म्हणजे काही अगदीच आडगाव नव्हे. निजामाच्या काळी इथं लष्कराची छावणी होती. १ मे १९९९ रोजी परभणीपासून वेगळं निघून आम्ही आमचा स्वतंत्र जिल्हा थाटला. दसरा आमचा नामांकित. औंढ्याचा नागनाथ आमचा, संत नामदेवांची नर्सी आमची, आणि हळद तर एवढी, की हंगामात काउंटरवर येणाऱ्या नोटासुद्धा पिवळ्या पडलेल्या असतात. (दोनशेची नोट मुळातच पिवळी असल्यामुळे तिचं काही बिघडत नाही.) पण एवढ्या वैभवात माइल्स डेव्हिस ऐकणारा दुसरा माणूस मला इतक्या वर्षांत भेटलेला नाही.

'सीडी' म्हटल्यावर आमच्या गल्लीत एकच अर्थ ठाऊक होता, तो म्हणजे लग्नाचं शूटिंग. त्यामुळे माझ्या नावानं पोस्टातून चौकोनी पाकिटं यायला लागली, तेव्हा मी बँकेतून आल्यावर जोडधंदा करतो अशी लोकांची समजूत झाली. एका गृहस्थांनी मुलीच्या लग्नाची तारीख सांगून मला विसार देऊ केला. शेजारच्या काकांनी एकदा कुंपणाशी बोलावून हळूच विचारलं, "नवीन काही आलंय का?" मी म्हटलं, "आलंय की. पण नवीन नाही, १९७३ चं आहे." काका म्हणाले, "असू द्या. जुन्यात पण काही काही बरे पिक्चर असायचे."

या छंदाची लागण मला मुंबईत झाली. नांदेडला बी. कॉम. झालो, २००४ साली बँकेत चिकटलो आणि पहिलीच नेमणूक फोर्टातल्या शाखेत मिळाली. एकदा जेवणाच्या सुट्टीत पाऊस लागला म्हणून काळा घोड्याजवळच्या रिदम हाउसमध्ये शिरलो. खरेदीचा विचार नव्हता. छत्री विसरलो होतो, एवढंच. त्या दुकानात गाणं विकत घेण्यापूर्वी ऐकून पाहायची सोय होती. फुकट ऐकायला मिळतं म्हटल्यावर मराठवाड्याचा माणूस कशाला सोडतो? मी हाताला लागली ती तबकडी काउंटरवर दिली. ती माइल्स डेव्हिसची 'काइंड ऑफ ब्लू' निघाली, सन १९५९. ट्रम्पेट म्हणजे वरातीतल्या बँडचं वाद्य, एवढीच माझी तोवरची माहिती. वरातीत नवरदेव सोडून सगळ्या गावाला जाग आणणारं ते वाद्य इथं एखाद्या एकट्या माणसानं रात्री स्वतःशी बोलावं तसं बोलत होतं. पाऊस केव्हाच थांबला होता. मी शाखेत वीस मिनिटं उशिरा पोचलो आणि साहेबांनी विचारल्यावर 'पाऊस होता' असं सांगितलं. छंदापायी बोललेलं ते पहिलं खोटं. त्यानंतरच्या खोट्यांचा हिशेब ठेवलेला नाही.

आता फ्यूजन म्हणजे काय, ते थोडक्यात सांगतो. थोडक्यातच, कारण घरी मी ते विस्तारानं सांगायला लागलो की सौ. कुकर लावायला उठते. साठीचं दशक संपता संपता जॅझच्या मंडळींनी विजेवर चालणारी वाद्यं हातात घेतली आणि रॉकचा दणदणाट आपल्या स्वैर वादनाशी जोडून दिला. डेव्हिसच्या १९६९ सालच्या 'इन अ सायलेंट वे' या एकाच तबकडीवर जे वादक आहेत, त्यांतल्या जो झाविनुल आणि वेन शॉर्टर यांनी 'वेदर रिपोर्ट' काढला, चिक कोरियानं 'रिटर्न टू फॉरएव्हर' काढला आणि जॉन मॅक्लॉफ्लिन या इंग्रज गिटारवाल्यानं 'महाविष्णू ऑर्केस्ट्रा' काढला. एका वाड्यातून तीन बिऱ्हाडं निघावीत तसं. वाड्यातली बिऱ्हाडं भांडून निघतात. ही गात-वाजवत निघाली, एवढाच फरक.

पुढं दर महिन्याला पगार झाला की एक तबकडी, असा नेम ठेवला. परदेशी तबकडीला पाचशेच्या वर पडत. लग्नापर्यंत ठीक होतं. लग्नानंतर घरखर्चाच्या वहीत तिची नोंद 'किरकोळ' या सदराखाली करू लागलो. सौ.ला वहीतलं काही समजत नाही, अशी माझी समजूत होती. एका महिन्याअखेरी ती म्हणाली, "अहो, या महिन्यात किरकोळ फारच ठोक झालंय." तेव्हापासून वही तिच्याकडं आहे.

२००९ साली आई गेली. गावी अण्णा एकटे राहिले. म्हणून २०१० मध्ये मी हिंगोलीला बदली मागून घेतली. बिऱ्हाड ट्रकनं आलं आणि तबकड्या माझ्या मांडीवर, देवगिरी एक्स्प्रेसनं परभणीपर्यंत आणि तिथून एस्टीनं. शेजारचा प्रवासी दर फाट्यावर विचारायचा, "पेटीत काय हाय?" शेवटी मी "देव आहेत" असं सांगितलं. त्यानं नमस्कार केला आणि पाय आखडून घेतले.

अण्णा जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले शिक्षक. पण त्यांची खरी नोकरी भजनी मंडळात. पन्नास वर्षं त्यांनी पखवाज आणि तबला वाजवला. नर्सीच्या नामदेवाच्या देवळात त्यांचा हात पडला की मागच्या ओळीतली डुलक्या घेणारी म्हातारीसुद्धा टाळी धरायची. असा माणूस घरात असताना मला श्रोता शोधायला बाहेर जायची गरज काय, असं आपल्याला वाटेल. मलाही वाटलं होतं.

पहिला प्रयत्न मी अतिशय धोरणानं केला. त्रिलोक गुर्टू नावाचे आपल्या मुंबईचेच तालवादक आहेत, जगभर नाव मिळवलेले. ठुमरी गाणाऱ्या शोभा गुर्टू या त्यांच्या आई. शोभाताई मूळच्या बेळगावच्या, आणि अण्णांनी रेडिओला कान लावून त्यांच्या ठुमऱ्या ऐकलेल्या. लेकाच्या १९८८ सालच्या 'उस्फ्रेट' या तबकडीत आई स्वतः गायली आहे. मी ती लावली आणि म्हटलं, "अण्णा, शोभाताई आहेत." अण्णा सरसावून बसले. पाच मिनिटं ऐकलं. मग उठून चपला घालत म्हणाले, "शोभाताई आहेत खऱ्या, पण मेले त्यांना गाऊ कुठं देतायत?"

दुसरा प्रयत्न बँकेत केला. पिंक फ्लॉइडच्या १९७३ सालच्या 'द डार्क साइड ऑफ द मून' मध्ये 'मनी' नावाचं गाणं आहे. त्याची सुरुवात नाण्यांच्या खुळखुळाटानं आणि दुकानातल्या गल्ल्याच्या खणखणाटानं होते आणि ते चक्क सात मात्रांत बांधलेलं आहे, म्हणजे आपल्या रूपक तालाइतक्या. कॅशिअरला याहून योग्य गाणं जगात नसेल, म्हणून आमच्या कॅशिअरच्या कानाला मी हेडफोन लावला. त्यांनी नाण्यांचा आवाज ऐकला, हेडफोन काढला आणि माझ्याकडं कीव आल्यासारखं पाहिलं. "हे ऐकायला तुम्ही पाचशे रुपये दिलेत? माझ्या काउंटरला येऊन बसा की, दिवसभर फुकट आहे."

त्यानंतर मी प्रयत्न सोडले. रात्री सगळे झोपल्यावर आवाज बारीक करून ऐकायचं, असा क्रम सुरू झाला. अण्णांनी कधी 'बंद कर' म्हटलं नाही. फक्त सकाळी विचारायचे, "रात्री भांडी कुठं पडली रे?"

पुढं काळ असा फिरला, की माझ्या छंदाला हसण्याचंही लोकांना कारण उरलं नाही. १९८२ साली जपानात पहिल्यांदा विकायला आलेली ही बारा सेंटिमीटरची तबकडी चाळिशी गाठायच्या आतच म्हातारी झाली. २०१६ साली रिदम हाउस बंद झालं. ती बातमी वाचून मी त्या दिवशी दाढी केली नाही. कुणाच्या लक्षातही आलं नाही. चिरंजीवांनी मोबाइल काढून दाखवला. "बाबा, तुमचं सगळं यात आहे. फुकट." मी बघितलं. खरंच होतं. वीस वर्षांचं 'किरकोळ' त्याच्या खिशात मावलं होतं.

तबकड्या मात्र कपाटात मावेनात. सौ.च्या साड्या आणि माझ्या तबकड्या यांच्यात कपाटाच्या तिसऱ्या कप्प्यावरून सीमावाद होता. त्यात प्लॅस्टिकच्या डब्यांना वय झालं की त्यांच्या बिजागऱ्या तुटतात. २०२४ च्या दिवाळीची झाडझूड करताना असे तीसेक मोडके डबे निघाले. नवे डबे मिळेपर्यंत त्यांतल्या तबकड्या मी एकीवर एक रचून, चकल्या रचतात तशा, एका पत्र्याच्या डब्यात ठेवल्या आणि डबा माळ्यावर टाकला. इथं माझी चूक झाली. त्यावर चिठ्ठी चिकटवायला हवी होती. आयुष्यभर दुसऱ्यांच्या चेकवर तारीख नाही म्हणून परत पाठवणारा माणूस स्वतःच्या डब्यावर नाव घालायला विसरला.

नोव्हेंबरअखेर सेनगावकडून माझा चुलतभाऊ आला. आमची वडिलोपार्जित जमीन तोच करतो. येताना शेंगा आणि वाल आणतो, जाताना घरातलं नको असलेलं नेतो. मी बँकेत होतो. त्यानं सौ.ला विचारलं, "वहिनी, दादाकडं जुन्यापान्या सीड्या असतील तर द्या. ज्वारी निसवायलीय. पाखरं लई माजलीत. दोरीला बांधल्या की चमकतात आन् पाखरू फिरकत नाही." सौ.नं विचार केला, की कपाटातल्या डब्यातल्या त्या चांगल्या आणि माळ्यावरच्या उघड्या त्या भंगार. कुठल्याही न्यायालयात हा युक्तिवाद टिकला असता. तिनं पत्र्याचा डबा दिला, वर चहाही दिला.

मला यातलं काही ठाऊक नव्हतं. ठाऊक झालं ते सोमवारी, १६ डिसेंबरला.

आदल्या दिवशी, १५ तारखेला, तिकडं सॅन फ्रान्सिस्कोमध्ये उस्ताद झाकीर हुसेन गेले. आपल्याकडं बातमी पक्की झाली ती सोमवारी सकाळी. मी दाढी करत होतो. अण्णा ओसरीवर पेपर पुढ्यात घेऊन बसले होते, पण वाचत नव्हते. टीव्हीवर झाकीरभाईंचे ते केस, तो हसरा चेहरा पुन्हा पुन्हा दाखवत होते. अण्णांना अलीकडं कमी ऐकू येतं. कानातलं यंत्र शिट्टी मारतं म्हणून ते खिशात ठेवतात आणि खिशात ते शिट्टी मारत नाही म्हणून समाधानी असतात. बराच वेळानं ते म्हणाले, "अल्लारखांचा मुलगा. माझ्याहून लहान होता." अण्णांचं वय एकोणऐंशी.

मग त्यांनी मान वर केली आणि गेल्या चौदा वर्षांत जे कधी विचारलं नव्हतं ते विचारलं.

"तुझ्या त्या तबकड्यांत यांचं काही आहे का रे?"

आहे का! अहो, 'शक्ती' आहे! महाविष्णू ऑर्केस्ट्राचा कानठळ्या बसवणारा संसार मोडून मॅक्लॉफ्लिननं साधी लाकडी गिटार घेतली, मांडी घालून बसला आणि आपल्याकडच्या मंडळींबरोबर वाजवू लागला, ती 'शक्ती'. व्हायोलिनला एल. शंकर, घटमला विनायकराम, मृदंगमला राघवन आणि तबल्याला झाकीर हुसेन. या बुवानं गिटारच्या तोंडावरून सात जादा तारा आडव्या बसवून घेतल्या होत्या, सतारीच्या तरफांसारख्या, आणि पडद्यांमधलं लाकूड खोलगट कोरून घेतलं होतं, तार दाबून मींड काढता यावी म्हणून. पहिली तबकडी ५ जुलै १९७५ रोजी अमेरिकेत लाँग आयलंडवरच्या एका कॉलेजात, समोर श्रोते बसवून ध्वनिमुद्रित केली. झाकीरभाई तेव्हा चोवीस वर्षांचे. हे सगळं मी अण्णांना एका दमात सांगितलं. अण्णा म्हणाले, "सांगू नको. लाव."

मी माळ्यावर चढलो. डबा नव्हता. "अगं, इथला पत्र्याचा डबा कुठाय?" सौ.नं कणीक मळता मळता सांगितलं, "तो ना? भावजी घेऊन गेले. पाखरांना."

मी माळ्यावर किती वेळ बसलो ते सांगता येणार नाही. खाली चिरंजीवांनी परिस्थिती हातात घेतली. "आजोबा, त्यात काय, मोबाइलवर लावतो." लावलं. अण्णांनी मोबाइल कानाशी धरला. "डास गुणगुणतोय," म्हणाले. तरी धरून ठेवला. तबला रंगायला लागला आणि मध्येच एक बाई बोलायला लागली. पाच मिनिटांत कर्ज, कागदपत्रं नकोत. अण्णांनी मोबाइल दूर धरून विचारलं, "ही कोण मैफलीत?" आणि तो नातवाच्या हातात देऊन ते आत जाऊन पडले.

मी बँकेत गेलो आणि अर्ध्या दिवसाची रजा मागितली. साहेबांनी कारण विचारलं. माझं डोकं ठिकाणावर नव्हतं, मी म्हटलं, "शेतात सीडी अडकलीय." आमच्या धंद्यात सीडी म्हणजे ठेवी किती आणि त्यांतून कर्ज किती वाटलं, त्याचं प्रमाण. साहेबांच्या कपाळावर आठ्या पडल्या. "शेतीत ना? मी विभागीय कार्यालयाला कधीपासून तेच सांगतोय," असं म्हणून त्यांनी सही केली. मी ताबडतोब गाडीला किक मारली.

शेतावर पोचलो तेव्हा उन्हं डोक्यावर आली होती. आणि मंडळी, ते दृश्य मी विसरणार नाही. ज्वारी माथ्याएवढी. बांधापासून बांधापर्यंत सुतळ्या ताणलेल्या, आणि त्यांवर माझी वीस वर्षं ओळीनं टांगलेली. वारा आला की सगळ्या एकदम गरागरा फिरायच्या आणि सगळ्या शिवारात इंद्रधनुष्याचे तुकडे पळायचे. इतक्या मोठ्या मैदानात, इतक्या मोठ्या संख्येनं, जॅझ फ्यूजन हिंगोली जिल्ह्यात पूर्वी कधी सादर झालं नसेल.

"दादा, तुम्ही? आन् आज बँकेचं काय?" चुलतभाऊ धावत आला. मी उत्तर न देता पहिली तबकडी हातात धरली. महाविष्णू ऑर्केस्ट्रा, 'बर्ड्स ऑफ फायर', १९७३.

"काय लिव्हलंय?" त्यानं विचारलं.

"आगीची पाखरं."

"बगा! म्हणूनच तिकडच्या कोपऱ्यात एक पण चिमणी येईना."

दुसरी धरली. "ही कोणती?"

"वेदर रिपोर्ट. 'हेवी वेदर'. सत्याहत्तर सालची."

"म्हणजे हवामान खातं? मग दादा, पाऊस कधी हाय म्हणतंय?"

'शक्ती' सापडली ती विहिरीजवळच्या कोपऱ्यात. त्या सुतळीवर तिच्याशेजारी एक पोपट शांतपणे बसला होता. बाकीची पाखरं पळाली असतील. हा राहिला होता. मी त्याच्याकडं पाहिलं, त्यानं माझ्याकडं पाहिलं. चौदा वर्षांत हिंगोली जिल्ह्यात मला भेटलेला तो पहिला श्रोता.

सुतळ्या सोडता सोडता चुलतभावाचा चेहरा उतरत गेला. "दादा, मला सांगायचं तर. मी हात लावला नसता. वहिनी म्हणाल्या भंगार हाय..." मग क्षणभरानं, "पण आता पाखरं कशानं हाकलू?" प्रश्न रास्त होता. ज्वारीचं कणीस त्याच्या पोटाचं होतं. माझं सगळं किरकोळ. येत्या रविवारी दुसऱ्या तबकड्या आणून देतो, असा मी त्याला शब्द दिला. त्याप्रमाणे दिल्याही. आमच्या लग्नाच्या शूटिंगच्या चार प्रती होत्या, शिवाय मेहुण्याच्या लग्नाच्या आणि बारशाच्या. आता तिथं पाखरूच काय, बुजगावणंसुद्धा उभं राहत नाही, असं चुलतभाऊ सांगतो. सौ.ला हे अजून ठाऊक नाही. आपणही बोलू नये.

घरी आणून 'शक्ती' साबणाच्या पाण्यानं धुतली. उजेडात धरली तर धूळ घासून ओरखडेच ओरखडे. हे वाजणार कसं? पण तबकडीचं शास्त्र मी वाचून ठेवलं होतं. सुतळी घातली ते मधलं भोक पंधरा मिलिमीटरचं. संगीत सुरू होतं मध्यापासून पंचवीस मिलिमीटरांवर, म्हणजे सुतळी संगीताला लागलेलीच नव्हती. आणि ओरखड्यांचं म्हणाल, तर तबकडी करणाऱ्या इंजिनिअरांची जात आमचीच, हिशेबनीसांची. तबकडीत गाणं नसतंच, आकडे असतात. दर सेकंदाला आवाजाची ४४,१०० मोजमापं, तीही डाव्या-उजव्या कानाची वेगळी. हे आकडे ओळीनं न लिहिता मुद्दाम विखरून लिहितात आणि सोबत पडताळ्याचे जादा आकडे ठेवतात. एखादा ओरखडा पडला तर एका ठिकाणचं सगळं न जाता दहा ठिकाणचं थोडं थोडं जातं आणि गेलेला आकडा उरलेल्यांवरून काढता येतो. लेजरच्या पानावर चहा सांडून एक रक्कम पुसली तर आपण बेरजेवरून ती काढतोच की! ओरखडा मार्गाला धरून सलग अडीच मिलिमीटरपर्यंत असला तरी हा पडताळा जुळतो.

एवढं शास्त्र माहीत असूनही, तबकडी आत सरकवताना माझे हात थरथरत होते. यंत्रानं घुर्र केलं. थांबलं. पुन्हा घुर्र केलं. माझ्या मनात आलं, या माणसानं चौदा वर्षांत एकदाच काहीतरी मागितलं...

आणि टाळ्या ऐकू आल्या. १९७५ सालच्या, लाँग आयलंडच्या.

मी आवाज वाढवला. बारीक लावायची सवय झालेली. कळ उजवीकडं किती फिरते, ते मला त्या दिवशी समजलं. अण्णा आतून आले. कानाचं यंत्र खिशातच. स्पीकरसमोर पाटावर बसले आणि डावा तळहात स्पीकरवर ठेवला, लहान मुलाचा ताप बघतात तसा. पहिला तुकडा अठरा मिनिटांचा. वाद्यं अशी सुटली, की यात्रेतून घराकडं निघालेले बैल. मी चोरून अण्णांकडं बघत होतो. पाच मिनिटांच्या वर ते बसले होते. शोभाताईंचा विक्रम मोडला होता. मग उजव्या हाताची बोटं मांडीवर हलायला लागली.

"हा माठ कोण वाजवतोय?"

"विनायकराम. घटम म्हणतात त्याला."

"माठच तो. पण पाणी भरलंय त्यानं." हे कौतुक होतं. भजनी मंडळात यापेक्षा मोठं पारितोषिक नाही.

तबला एकटा पुढं आला तेव्हा अण्णांनी डोळे मिटले. "लई घाई आहे पोराला," ते म्हणाले. चोवीस वर्षांच्या पोराला एकोणऐंशी वर्षांचा माणूस म्हणतो तसं. "पण समेवर बघ. समेवर अचूक येतो."

तुकडा संपला. टाळ्या झाल्या. अण्णांनी हात काढला नाही.

"रात्री भांडी पडायची, ती हीच का?"

"हीच."

"मग मोठ्यानं लावायची की रे. बारीक आवाजात भांडीच ऐकू येतात."

चौदा वर्षं मी त्यांची झोप मोडू नये म्हणून आवाज बारीक ठेवत होतो आणि ते मी बोलावत नाही म्हणून आत पडून होते. हा पडताळा मात्र कुठल्या यंत्रानं आपण होऊन जुळवला नव्हता.

आता दर रविवारी संध्याकाळी अण्णा पाटावर बसतात आणि मी एक तबकडी लावतो. सगळ्याच पसंत पडतात असं नाही. महाविष्णूला ते 'गिरणी' म्हणतात. पिंक फ्लॉइडच्या 'मनी'चे सात त्यांनी तिसऱ्या आवर्तनाला ओळखले आणि मध्येच गिटारवाला सात सोडून साध्या चारात शिरला तेव्हा, "दमला," असा शेरा मारला. सौ. दारात उभी राहून ऐकते आणि कुकरची शिट्टी झाली की जाते. तिसरा कप्पा तिनं आपण होऊन सोडून दिला.

परवा अण्णांनी विचारलं, "किती आहेत रे सगळ्या?"

माझ्या वहीप्रमाणे ४२०. शेतातून चार परत आल्या नाहीत. वाऱ्यानं तुटल्या की पोपटानं नेल्या, ठाऊक नाही. राहिल्या ४१६. वर्षाचे रविवार बावन्न. मी म्हटलं, "अण्णा, आठवड्याला एक म्हटलं तर आठ वर्षं पुरतील." आणि तोंडातून शब्द गेल्यावर मला एकोणऐंशी हा आकडा आठवला. बँकेतल्या माणसाची हीच खोड. कुणी विचारलेलं नसतं आणि हा बेरीज करून मोकळा होतो.

अण्णांनी थोडा वेळ विचार केला.

"एकदा ऐकून काय कळतंय?" ते म्हणाले. "प्रत्येक दोनदा लावत जा."

म्हणजे सोळा वर्षं. मी हिशेब दोनदा ताडून पाहिला. बरोबर आहे.